पोत्याला बिल्टी, अन् आठ लाखांच्या गाडीला ‘ओके सर’

मागच्या महिन्यात सकाळी सहाला भाच्याचा फोन आला.

“मामा, आपली गाडी ट्रेलरवर आहे ना? मग पहाटे पावणेतीनला पाटसच्या टोलवर माझ्या फास्टॅगमधून पैसे कसे काय कटले?”

मी म्हणलं, अरे, उघडा ट्रेलर असंल, टोलच्या मशीननं चुकून तुझा टॅग वाचला असंल.

“क्लोज कंटेनरचे पैसे दिलेत मामा. आणि आता सरडेवाडीचापण मेसेज आलाय.”

भाचा गुरुग्रामला नोकरीला. कंपनीनं दोन वर्षांसाठी देशाबाहेर पाठवायचं ठरवलं, म्हणून गाडी लातूरला दाजींकडं पाठवून द्यायची होती. आठ लाखांची गाडी, एमएच-२४ पासिंग, हप्ते अजून चालू. त्यानं इंटरनेटवर शोधलं, चार ठिकाणचे भाव घेतले. तिघांनी तीस-एकतीस हजार सांगितले, एकानं बावीस. बावीसवाल्याला गाडी दिली. डोअर टू डोअर, क्लोज कंटेनर, इन्शुरन्स इन्क्लुडेड. सगळं व्हॉट्सअॅपवर. शेवटचा मेसेज : ‘ओके सर’.

त्या दिवशी एजंटाला फोन लावला तर तो म्हणतो, “सर, लास्ट माईल तो ड्रायव्हर ही करता है ना.” पुणे ते लातूर हा याचा लास्ट माईल! दुपारी गाडी बार्शी रोडला येऊन थांबली. ओडोमीटरवर साडेतीनशेच्या जवळपास किलोमीटर वाढलेले, समोरच्या बंपरला तडा. आणि ड्रायव्हर किल्ली देईना. वरून फोन, की साडेसात हजार लास्ट माईल चार्ज टाका, मग किल्ली मिळेल. दाजी ६८ वर्षांचे. उन्हात रस्त्यावर उभं राहून किती वाद घालणार? दिले.

आता या गोष्टीवर ज्यानं त्यानं एकच सुनावलं. “नीट चौकशी करून कंपनी निवडायला पाहिजे होती.”

ही पोस्ट त्याच वाक्याच्या विरोधात आहे.

चौकशी कुणाकडं करायची? नांदेडचा किंवा लातूरचा माणूस गाडी लांब पाठवायची म्हणला, तर त्याच्या हातात असतं काय? इंटरनेटवरची जाहिरात, पाच चांदण्या, आणि फोनवरचा गोड आवाज. या तिन्ही गोष्टी विकत मिळतात. जे विकत मिळत नाही, म्हणजे सरकारी नोंदणी, जबाबदारीचा कागद आणि खऱ्या विम्याचा नंबर, ते मागायचं असतं हेच आपल्याला कुणी सांगत नाही. आणि ज्यांनी सांगायचं ते खातं गप्प बसतं. मग फसलेल्या माणसालाच अक्कल शिकवायची. हे सोपं आहे, म्हणून सगळे तेच करतात.

आधी हा धंदा चालतो कसा ते बघू.

तुम्ही एखाद्या साइटवर नंबर टाकला की अर्ध्या तासात आठ-दहा फोन येतात. कारण तुमचा नंबर ‘लीड’ म्हणून वाटला जातो. फोन करणाऱ्या बहुतेकांकडं स्वतःचा ट्रेलर नसतो. ते दलाल असतात. तुमच्याकडून बुकिंग घ्यायचं, अॅडव्हान्स घ्यायचा, आणि मग ज्याच्या ट्रेलरवर जागा रिकामी असेल त्याच्याकडं गाडी ढकलायची. त्याला परवडेल तेवढंच द्यायचं. जो सगळ्यात कमी भाव सांगतो त्याला गाडी न्यायचीच नसते, त्याला फक्त तुमची किल्ली हातात घ्यायची असते. एकदा किल्ली त्याच्या हातात गेली की खरा भाव सुरू होतो.

कार नेणारे मोठे ट्रेलर मुळात नव्या गाड्यांसाठी आहेत. चाकण, मानेसर, चेन्नई असे कारखाने जिथं आहेत तिथून ते भरून निघतात आणि मोठ्या शहरांच्या डीलरकडं जातात. तुमची-माझी जुनी गाडी उरलेल्या जागेत किंवा परतीच्या भाड्यात बसते. एका गाडीसाठी एवढं मोठं धूड नांदेडला किंवा लातूरला कोण आणणार? कुणी नाही. म्हणजे खरं चित्र असं : ट्रेलर पुण्यापर्यंत नाहीतर हैदराबादपर्यंत. पुढं एक तर एकच गाडी नेणारा छोटा टेम्पो, नाहीतर अनोळखी ड्रायव्हर तुमची गाडी स्वतः चालवत आणणार.

यात चुकीचं काही नाही, जर आधी सांगितलं तर! “दादा, पुण्यापर्यंत ट्रेलर, पुढं ड्रायव्हर चालवत आणील, पटत नसेल तर पुण्याला येऊन घेऊन जा.” एवढं बोलला असता तर आम्ही रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेलो असतो आणि सकाळी गाडी घेऊन निघालो असतो. पण तो सांगत नाही. कारण सांगितलं तर ‘डोअर टू डोअर’चे पैसे घेता येत नाहीत.

आता जरा आपल्या मोंढ्यात या.

लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनचं पोतं बिल्टीशिवाय हलतं का? नांदेडच्या नव्या मोंढ्यातून हळद नुसत्या ‘ओके सर’वर जाते का? आडत दुकानात बसणारा पोरगाही पहिलं विचारतो, बिल्टी कुणाच्या नावानं फाडली? ट्रक नंबर काय? माल किती, भाडं किती, उतरवून घेणार कोण? चौथी शिकलेला हमालसुद्धा सांगेल की बिल्टी नसली तर माल कुणाचाच नाही. आणि त्याच गावातले आपण शिकलेले लोक, इंजिनिअर, प्राध्यापक, बँकेतले साहेब, आठ लाखांची गाडी व्हॉट्सअॅपवरच्या अंगठ्यावर देऊन मोकळे होतो.

म्हणून माझं म्हणणं एका ओळीत : कंपनी भावावरून निवडू नका, बिल्टीवरून निवडा. बिल्टी कुणाच्या नावानं फाटणार आणि त्याची नोंदणी आहे का, एवढंच आधी विचारा. बाकी सगळं त्यानंतर.

हे काही मी मनानं सांगत नाही, कायदाच आहे. कॅरेज बाय रोड अॅक्ट, २००७. इंग्रजांच्या काळातला १८६५ चा कॅरिअर्स अॅक्ट रद्द करून हा आणला, १ मार्च २०११ पासून लागू आहे. त्यात काय आहे ते फसलेल्यांनी नीट वाचा.

भाडं घेऊन कुणाचाही माल रस्त्यानं नेण्याचा धंदा करणाऱ्याला नोंदणी केल्याशिवाय तो धंदा करता येत नाही. त्या व्याख्येत बुकिंग कंपनी, कंत्राटदार, एजंट आणि ब्रोकर यांची नावं घेतलेली आहेत. म्हणजे “सर, मी फक्त मध्यस्थ आहे, गाडी दुसऱ्याकडं आहे” हे उत्तर कायद्यात बसत नाही. बुकिंग ज्यानं घेतलं, जबाबदार तो.

नोंदणीचं प्रमाणपत्र कार्यालयात दर्शनी भागात लावलेलं असलं पाहिजे. माल देणाऱ्यानं मालाची माहिती आणि किंमत लिहून द्यायची, नेणाऱ्यानं पावती द्यायची. ती पावती म्हणजेच आपली बिल्टी. नुकसान झालं तर त्याचा निष्काळजीपणा तुम्ही सिद्ध करत बसायची गरज नाही.

इथपर्यंत वाचून बरं वाटलं ना? आता दात कुठं पडलेत ते बघा.

नोंदणीशिवाय धंदा केला तर पहिल्या गुन्ह्याला दंड किती? जास्तीत जास्त पाच हजार. पुन्हा केला तर दहा हजार. आमच्याकडून किल्लीसाठी घेतले साडेसात हजार. म्हणजे कायद्याचा पहिला दंड त्याच्या एका गाडीच्या वरकमाईतून भागतो आणि अडीच हजार उरतात. असल्या दंडाला कोण भिणार?

दुसरा दात तर आपल्यावरच उगारलेला आहे. याच कायद्याखालच्या २०११ च्या नियमांप्रमाणे, तुम्ही जादा जोखमीचा दर लेखी ठरवला नसेल, तर नेणाऱ्याची जबाबदारी भाड्याच्या दहा पटीपर्यंतच. आमचं भाडं बावीस हजार. दहा पट म्हणजे दोन लाख वीस हजार. गाडी आठ लाखांची. उद्या ट्रेलर घाटात उलटून गाडी चेंदामेंदा झाली असती तर उरलेले पाच लाख ऐंशी हजार कुणी दिले असते? आणि गंमत बघा, भाडं जितकं स्वस्त तितकी त्याची जबाबदारीही कमी. स्वस्त भाव घेऊन आपण नऊ हजार वाचवत नाही, आपलंच संरक्षण नव्वद हजारानं कमी करून घेतो. हे गणित फोनवरचा गोड आवाज कधी सांगणार नाही.

मग येतो ‘इन्शुरन्स इन्क्लुडेड’. कोटेशनवर हे दोन शब्द छापले म्हणजे विमा होत नाही. विमा म्हणजे विमा कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर, तुमच्या गाडीचा नंबर आणि रक्कम असलेलं प्रमाणपत्र. पुष्कळदा बिलात ‘एफओव्ही’ म्हणून टक्केवारी लावतात. ती ट्रान्सपोर्टवाल्यानं घेतलेल्या जोखमीची आकारणी असते, विम्याची पॉलिसी नव्हे. पैसे मात्र विमा म्हणून घेतले जातात.

आणि जे फारच थोड्यांना माहीत असतं ते असं : तुमच्या गाडीची जी पॅकेज पॉलिसी असते, आपण जिला फुल इन्शुरन्स म्हणतो, तिच्या नेहमीच्या मजकुरात गाडी रस्त्यानं, रेल्वेनं किंवा जलमार्गानं नेली जात असताना होणारं नुकसान धरलेलं असतं. घरातली पॉलिसी काढून ते पान वाचा. फक्त थर्ड पार्टी असेल तर हे मिळत नाही. क्लेम केला तर घसारा कापतात आणि नो क्लेम बोनस जातो, हेही खरं. पण निदान आपल्याकडं आधीपासून काय आहे ते कळलं, की दुसऱ्याला दोन-तीन टक्के द्यायचे का हे आपल्याला ठरवता येतं.

आता पोलीस स्टेशन. गाडी अडवून पैसे मागितले आणि तुम्ही ठाण्यात गेलात, तर कुठल्याही जिल्ह्यात एक वाक्य कानावर पडण्याची शक्यता फार. “हे दिवाणी आहे, कोर्टात जा.” तेव्हा नम्रपणे एवढंच सांगा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ विश्वासघाताबद्दल आहे. त्याच्या पोटकलम ३ मध्ये माल वाहून नेणाऱ्याचा वेगळा उल्लेख आहे आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायदा करणाऱ्यांना हा प्रकार माहीत होता, म्हणून तर वाहतूकदारासाठी वेगळं पोटकलम ठेवलं. ठरलेलं भाडं मिळेपर्यंत माल रोखणं एक गोष्ट, आणि न ठरलेले पैसे उकळण्यासाठी गाडी ओलीस ठेवणं दुसरी. गुन्हा दुसऱ्या शहरात घडला असला तरी तक्रार तुमच्या ठाण्यात घेता येते, तिला झिरो एफआयआर म्हणतात. अॅडव्हान्स घेऊन एजंटच गायब झाला असेल तर १९३० वर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

ग्राहक आयोगाचंही तसंच. कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाद झाल्यास फक्त दिल्लीचं न्यायालय. ते वाचून आपला माणूस हातपाय गाळतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे लातूरचा माणूस लातुरात, नांदेडचा नांदेडात. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षं. पण एक लक्षात ठेवा, नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत गेलेली पाहिजे. व्हॉट्सअॅपवर भांडत सहा महिने घालवू नका. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा.

आता काही जण म्हणतील, तुम्हालाच स्वस्त पाहिजे होतं, मग रडता कशाला? बरोबर आहे. ती चूक आमची, आणि मी ती कबूल करतो. एकतीसवाल्याला आमच्या भाच्यानं एक प्रश्नही विचारला नाही, नुसता भाव ऐकून फोन ठेवला. पण यात दुसरा एक माणूस मरतो, त्याचा विचार करा. जो ट्रान्सपोर्टवाला नोंदणी करतो, बिल्टी फाडतो, खरा विमा काढतो, पुढचा टप्पा कसा जाणार ते आधी सांगतो, त्याचा भाव जास्तच असणार. तो रोज या बावीसवाल्याकडून हरतो. दोघांत फरक करायचं साधनच लोकांच्या हातात नसेल तर बाजारात प्रामाणिक माणूस टिकणार कसा?

आणि भाव आधी फळ्यावर लावणं, जबाबदारी आधी सांगणं हे काही अशक्य नाही. मोटारसायकल रेल्वेनं पार्सल करायला गेलात तर पेट्रोल काढा, पॅकिंग करा, आरसीची झेरॉक्स द्या असे नियम ठरलेले असतात आणि पावती मिळते. कटकट आहे, पण मधल्या स्टेशनात गाडी अडवून कुणी साडेसात हजार मागत नाही. कोकण रेल्वेनं तर ऑगस्ट २०२५ मध्ये कोलाड ते वेर्णा अशी चारचाकी नेणारी रो-रो सेवा सुरू केली. एका गाडीला ७,८७५ रुपये, आधीच जाहीर. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणता आलं होतं. म्हणजे ठरवलं तर होतं. मी आज लगेच मराठवाड्याला रो-रो मागत नाही. मी फक्त एक कागद मागतोय.

तो असा. या कायद्याखाली नोंदणी करण्याचा अधिकार राज्याच्या आणि प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला आहे. नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकारी साहेबांना आणि आरटीओ साहेबांना आमची विनंती आहे :

नोंदणीकृत वाहतूकदारांची यादी, नोंदणी क्रमांक आणि मुदतीसह, कार्यालयाच्या दारात आणि जिल्ह्याच्या वेबसाइटवर मराठीत लावा. दर तीन महिन्यांनी ताजी करा. यादीत नसलेला कुणी या दोन जिल्ह्यांत बुकिंग घेताना सापडला तर दंड करा, पाच हजार का होईना, आणि त्याचं नाव जाहीर करा. आणि आपल्या खासदारांनी हा पाच हजारांचा दंड आणि दहा पटीची मर्यादा यावर संसदेत एकदा तरी तोंड उघडावं. घरटी एक पोरगं पुण्या-हैदराबाद-बेंगळुरूला असलेल्या या दोन जिल्ह्यांना तेवढं मागायचा हक्क आहे.

तोपर्यंत ज्यांना गाडी पाठवायची आहे त्यांनी अॅडव्हान्स देण्याआधी हे विचारा. उत्तर फोनवर नको, लेखी घ्या :

१. कॅरेज बाय रोड कायद्याखालचा नोंदणी क्रमांक काय? प्रमाणपत्राचा फोटो पाठवा.

२. जीएसटी नंबर द्या. तो जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की नाव, पत्ता आणि नोंदणीची तारीख फुकटात दिसते. पंचवीस वर्षांची सेवा म्हणणाऱ्याची नोंदणी चार महिन्यांपूर्वीची आणि नाव भलतंच निघालं, तर समजून जा.

३. बिल्टी कुणाच्या नावानं? त्यावर गाडीची किंमत लिहिणार का, आणि जादा जोखमीचा दर किती?

४. ट्रेलर कुठपर्यंत? पुढचा टप्पा कशावर? ड्रायव्हर चालवणार असेल तर त्याचं लायसन्स, अंदाजे किलोमीटर आणि पैसे आत्ताच लिहा.

५. विमा असेल तर कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर. नसेल तर तसं सांगा, पैसे लावू नका.

गाडी देताना ओडोमीटरचा, चारी बाजूंचा, काचांचा, टायरचा फोटो आणि व्हिडिओ काढा, नेणाऱ्याची सही घ्या. आत भांडीकुंडी भरू नका. मूळ आरसी देऊ नका, झेरॉक्स चालते. पेट्रोल थोडंच ठेवा. ट्रेलरचा नंबर घेऊन एमपरिवहन अॅपवर बघा, ती खरंच मालवाहू गाडी आहे का. आणि पूर्ण पैसे गाडी बघून, सही करून, किल्ली हातात आल्यावरच.

या पाच प्रश्नांवर जो चिडतो त्याला गाडी देऊ नका. जो म्हणतो “एवढं कुणी विचारत नाही सर”, त्याला तर अजिबात नाही. कुणी विचारत नाही म्हणूनच त्याचा धंदा चालायलाय.

दाजींनी परवा बंपर बदलून घेतला. भाचा म्हणतो, जाऊ द्या मामा, साडेसात हजारच तर गेले. पण जाऊ द्या, जाऊ द्या करतच तर आपण इथवर आलो. आम्ही नोटीस पाठवली आहे, १८० दिवस अजून संपलेले नाहीत. पुढं काय होतं ते इथंच लिहीन, जिंकलो तरी आणि हरलो तरी.

पटलं तर शेअर करा, कॉपी करा, माझं नाव काढून टाका, काही हरकत नाही. फक्त ते पाच प्रश्न तेवढे ठेवा. आणि तुमच्या बाबतीत असं घडलं असेल तर कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव नका लिहू, बिल्टी मिळाली होती का, एवढंच लिहा.